एक हजारांश जास्त

हार्लनच्या हाताला कंप सुटल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, दोघांच्याही काडतुसांच्या पुंगळ्यांच्या माना त्याचा नेमबाजीतला जोडीदार व्हर्जिल ट्वेटच तासत असे. आणि तासणे म्हणजे काही बटाटे सोलणे नव्हे. गोळी धरून ठेवणाऱ्या त्या पितळी मानेची जाडी सर्व बाजूंनी सारखी झाल्यावाचून गोळी सरळ सुटत नाही. म्हणून एकेक पुंगळी पात्यावर फिरवायची, मायक्रोमीटरने मापायची आणि तसूभर शंका आली तरी बाजूला टाकायची. पाचशेंतून साठ टिकल्या. त्या साठांच्या बुडाशी व्हर्जिलने खुणेसाठी कानशीने एकेक खाच घेतली आणि आचेवर माना नरम करण्याचे तेवढे काम हार्लनवर सोपवले.

"जळाल्या रे सगळ्या," ऑगस्टमध्ये हार्लन म्हणाला होता. "माझंच लक्ष चुकलं. जोडीचा सामना यंदा राहू दे."

बावीस वर्षांत एकही सामना न चुकवलेल्या व्हर्जिलने उलट त्याचीच समजूत घातली होती.

आज मात्र, मॉन्टानातल्या त्या नेमबाजीच्या मैदानावर नुसता बघायला आलेला व्हर्जिल रॉइस प्रुइट नावाच्या नेमबाजाच्या बाकामागे थिजून उभा होता. रॉइसच्या शेजारी, त्याचा जोडीदार म्हणून, हार्लन बसला होता. आणि पेटीतल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडाशी एक खाच होती.

"या, व्हर्जिल," रॉइस म्हणाला. "हार्लननं स्वतः तासल्यात बघा. एवढा हात थरथरतो, तरी काय काम आहे! शिकून घ्या जरा."

हार्लन वाऱ्याच्या निशाणांकडे पाहत राहिला.

व्हर्जिल निघायला वळणार, तोच फेरी सुरू झाल्याचा इशारा झाला. रॉइसने काडतूस सरकवले. काडतूस आत कोंडणारा बोल्ट मिटेना, तेव्हा त्याने तळव्याचा जोर लावला. त्या जोराचा अर्थ तिथे एकट्या व्हर्जिलला कळला. रॉइसच्या बंदुकीचे चेंबर, काडतूस बसते ती पोकळी, अधिक तंग होते. बार उडताना मान फुगते तेव्हाच गोळी सुटते, आणि इथे मानेला फुगायला जागाच नव्हती. गोळी अडली असती आणि बंदूक तोंडावर फुटली असती.

क्षणभर तो गप्प राहिला. तो क्षण पुढे त्याने स्वतःला कधीच माफ केला नाही.

"रॉइस, बोट काढ. बोल्ट उघड."

बाहेर आलेल्या काडतुसाच्या मानेवर घासल्याचे चकचकीत कडे उमटले होते.

"एक हजारांश इंच जास्त आहे," व्हर्जिल म्हणाला. "ही मान माझ्या न् हार्लनच्या बंदुकीच्या मापाची आहे. मी तासलेली."

रॉइसने हार्लनकडे पाहिले.

"व्हर्ज," हार्लन खालच्या आवाजात म्हणाला, "वीस पुंगळ्या रिकाम्या आहेत अजून. पुढच्या फेरीला तासभर आहे. एक हजारांशच काढायचाय. देतोस का काढून?"

व्हर्जिलने कोटाच्या खिशातून तासणीचे हत्यार काढले, पाते पुसले आणि हार्लनपुढे ठेवले.

"तूच तासल्यास ना? मग तास."

हार्लनचे हात बाकाखाली होते. रॉइस ते वर येण्याची वाट पाहत राहिला.