काम करणाऱ्या अकरा बायका

गणतीवाले मास्तर शेतावर आले तेव्हा घरची थोरली सून घोटाभर चिखलात उभी राहून पिकाला पाणी देत होती. तिचा नवरा झाडाखाली कामात होता, म्हणजे मास्तरांना उत्तरं देत होता.

"बियाणं किती लागलं?"

नवऱ्यानं मान वळवली. "किती गं?"

थोरलीनं फावडं न थांबवता सांगितलं. खुरपण्या किती झाल्या, म्हशी दूध किती देतात, सगळ्याला त्याचं "किती गं?" चालू होतं. शेवटी मास्तरांनी विचारलं, "आणि बाई काय करतात?"

हा प्रश्न मात्र त्याला एकट्याला आला. "ती? काही नाही. घरीच असते."

मास्तरांनी तसं लिहून घेतलं आणि बुटांना चिखल लागू नये म्हणून कडेकडेनं निघून गेले. थोरलीला राग आला नाही. पाणी चालू होतं, रागाला सवड कुठली?

तिची सात महिन्यांची लेक झाडाला बांधलेल्या झोळीत निजायची. महिनाभरानं एका दुपारी झोळीला मुंग्या लागल्या. थोरली शेताच्या दुसऱ्या टोकाला होती. ती धावत पोचेपर्यंत पोरीचं तोंड सुजून डोळे मिटले होते. चार दिवस ताप हटेना. तो उतरला तशी थोरली घरोघर फिरली, चाळीस बायकांच्या सह्या-अंगठे घेतले आणि पाळणाघराचा अर्ज घेऊन कार्यालयात गेली.

कारकून सभ्य होता. त्यानं आधी खुर्ची दिली, मग नकार दिला. "पाळणाघर काम करणाऱ्या बायकांसाठी असतं, ताई. निदान पंचवीस लागतात. तुमच्या गावात अकराच आहेत."

"त्या कोण?"

त्यानं यादी वाचली. नर्सबाई, शाळेतल्या बाई आणि आणखी नऊ जणी.

"साहेब, या नऊच्या नऊ विधवा आहेत."

"असतील."

"त्यातली आमची काकू माझ्या बांधाला लागून राबते. पीक तेच, काम तेच."

"त्यांनी स्वतः उत्तरं दिली असतील. बाकीच्या घरांत कुटुंबप्रमुख सांगतात."

"म्हणजे आमचं काम दिसायला नवरा मरावा लागतो."

कारकुनानं घसा साफ केला. "तसा काही नियम नाही. नवऱ्यानं इथं येऊन जबाब दिला तरी चालतं."

घरी आल्यावर थोरलीनं नवऱ्यापुढे दोन्ही मार्ग ठेवले. "कुठला सोयीचा पडतो बघा. घाई नाही."

भिंतीला टेकून बसलेली सासू म्हणाली, "उद्याच जा रे बाबा."

तो गेला. खुरपणी, पाणी, म्हशींच्या धारा एवढं सांगून अडला. "सकाळचं मला नीट सांगता येणार नाही. मी उठतो तोवर तिचं बरंच उरकलेलं असतं."

"मग तास किती लिहू?"

त्यानं सवयीनं मागं पाहिलं. थोरली दाराशीच उभी होती. आज तिनं मदत केली नाही.

"निजेपर्यंत लिहा," तो हळूच म्हणाला.

पुढं आठवडाभर कार्यालयात नवऱ्यांची रांग लागली. एकजण म्हणाला, त्याची बायको थोडंफार करते. दाराबाहेर कुणीतरी खोकलं, तसा तो म्हणाला, "थोडंफार नाही, बरंच करते." यादीत आणखी सदतीस नावं चढली. गावाला पाळणाघर मिळालं. शाळेमागची खोली, एक खिडकी फुटकी, पण कोरडी आणि मुंग्या नसलेली. थोरलीनं आधी कानाकोपरे हातानं तपासले, मगच लेकीला खाली ठेवलं.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. त्यांनी कागद काढून वाचलं की एका वर्षात या गावातल्या काम करणाऱ्या स्त्रिया चौपटीहून जास्त वाढल्या, आणि हे सारं कार्यालयाच्या अथक प्रयत्नांचं फळ आहे. बायकांना कामाची गोडी लावल्याबद्दल त्यांनी गावातल्या पुरुषांचंही कौतुक केलं. मग म्हणाले, "आता आपल्या कष्टाळू भगिनींसाठी एकदा जोरात टाळ्या होऊन जाऊ द्या."

खुर्च्यांवरच्या पुरुषांनी जोरात टाळ्या वाजवल्या. भगिनी तिथं कुणीच नव्हत्या. दुसरी खुरपणी चालली होती.