तराजूच्या पेशी आणि मौनीबाबाचं विष

मी इन्क्युबेटर बोलतोय. दवाखान्यात तान्ही बाळं ठेवतात तो नव्हे. माझ्या पोटात त्याहून कितीतरी लहान जीव असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. त्यांना पेशी म्हणतात. चपट्या डिशमध्ये, गुलाबी रंगाच्या पातळ खाद्यात, तळाला चिकटून त्या राहतात, खातात आणि वाढत जातात. मला काम एकच. आत माणसाच्या अंगाइतकी ऊब राखायची आणि हवा दमट ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. कुणी तुमचं दार सताड उघडं टाकून विचार करत उभं राहिलं, म्हणजे कळेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रे वाकवले, आत काचेचं दुसरं दार बसवलं, तापवून पाहिलं आणि पाठीवर शिक्का मारला. बालपण असं मला मिळालंच नाही, थेट नोकरी. ती या खोलीत. खोलीला खिडकी नाही. एका बाजूला हवा गाळणारी काचेची पेटी आहे, तिच्यात हात घालून पेशींचं काम करतात. दुसऱ्या बाजूला मायक्रोस्कोप, फ्रीज आणि एक फिरतं स्टूल. स्टुलाचं एक चाक कुरकुरतं. मीही कुरकुरतो, पण ते कुणाला ऐकू येत नाही.

खोलीच्या कारभारीण म्हणजे पेशींच्या मॅडम. बोलायला फटकळ, पण डिशमधल्या पेशींना ‘बाळांनो’ म्हणतात. वरच्या मजल्यावर रसायनाचे सर असतात. त्यांच्याकडे रेणू बनतात, आमच्याकडे पेशी वाढतात. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकून आलेल्या मुलांना इथे पीएचडीसाठी घेतात आणि प्रत्येकाला दोन दोन गाइड देतात, एक वरचा, एक खालचा. जीवशास्त्राला या मुलांनी शाळेतच रामराम ठोकलेला असतो. आता त्यांनी वर रेणू बनवायचा, जिना उतरून खाली यायचं आणि तो जिवंत पेशीत काय करतो ते बघायचं. वर्षाअखेरीस एक कमिटी बसते. काम दिसलं तर पुढे शिकायचं, नाही दिसलं तर पीएचडी विसरून लहान पदवी घेऊन घरी जायचं.

मौनीबाबा असाच घरी गेला.

हे नाव त्याला मॅडमनी दिलं होतं. चार शब्द विचारले तर अर्धा शब्द बोलायचा. पण दार उघडायचा हळूच, काम करायचा झटपट आणि लावायचाही हळूच. माझा तो लाडका होता, लपवत नाही. त्याने एक रेणू बनवला होता. आजारी माणसाच्या पेशीत, म्हणजे माझ्यात वाढतात तसल्या पेशीत, शिरला की तो हिरवा चमकायचा, असं कागदावर तरी दिसत होतं. प्रत्यक्षात त्याने रेणू घातला की पेशी मरायच्या. ज्या डिशमध्ये काही घातलेलं नसायचं, त्या मजेत असायच्या. मग दुसरा अर्थ काय निघणार? रेणू विषारी. कमिटीने तेच लिहिलं. शेवटच्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्या हाताला गुणच नाही.” वर्षभरात त्याचं मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात तराजू आली होती. ती रसायनाची. कुठलीही गोष्ट तोलून पाहिल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे, चहातली साखरसुद्धा, म्हणून सगळे तिला तराजू म्हणायला लागले. मौनीबाबाने जाण्याआधी तिला आपलं काम करून दाखवत शिकवलं. सरांनी तिला सांगितलं, “त्याचाच रेणू घे. थोडा बदल. विष कमी कर.”

या मुलीने माझा जीव नकोसा केला. डिश ठेवली की अर्ध्या तासात दार उघडून बघायची. वरच्या लॅबमध्ये काचेचं भांडं विस्तवावर ठेवून येताजाता डोकावायची सवय. इथे दार उघडलं की ऊब निघून जाते, मला पुन्हा पहिल्यापासून तापावं लागतं. मॅडम ओरडायच्या, “अगं, दूध उतू जातंय का तिथे? लाव ते दार.” ती ओशाळून दार लावायची आणि मॅडमची पाठ वळली की परत उघडायची.

पण मेहनतीला वाघ. रेणूत बदल करून करून तिने त्याची कितीतरी भावंडं बनवली. प्रत्येक भावंड जिन्यावरून खाली आलं आणि प्रत्येकाने पेशी मारल्या. संध्याकाळी तिच्या आईचा फोन यायचा. हात कामात म्हणून फोन टेबलावर ठेवून ती बोलायची, त्यामुळे मलाही ऐकू यायचं.

“जेवलीस का?”

“जेवते गं.”

“आवाज असा का येतोय? आजपण मेल्या का त्या?”

“मेल्या.”

“हे बघ, नाही जमलं तर परत ये. इथल्या कॉलेजात जागा निघतेय. घर काही कुठे पळून जात नाही.”

“आई, मला परत यायचं नाहीये. मला हे यायला हवंय.” एवढं बोलून ती परत डिशवर वाकायची. आई मग शेजारपाजारच्या गोष्टी सांगायची.

कमिटीची तारीख जवळ आली, तसे एक दिवस सर स्वतः जिना उतरून खाली आले. तयारी करून घ्यायला.

“समजा, मी कमिटीतला खवचट म्हातारा आहे,” ते म्हणाले.

“समजायचं कशाला?” मॅडम म्हणाल्या.

सरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “या दोन डिश. फरक काय दोघींत?”

“हिच्यात माझा रेणू आहे, तिच्यात नाही,” तराजू म्हणाली.

“बाकी सगळं सारखं?”

“हो सर.” मग ती थांबली. “नाही सर. रेणू घातलेली डिश मी धुते. आत न शिरलेला रेणू वाहून जावा म्हणून. दुसरीत काही घातलेलंच नसतं, मग धुवायचं काय?”

“मग तीही धू,” सर म्हणाले. “खवचट म्हातारा हेच विचारणार.” आणि वर निघून गेले. त्यांच्या दृष्टीने ती एक किरकोळ बाब होती.

तराजूने माझ्यातून साधी डिश काढली. पेशी ठणठणीत होत्या, हे मी छातीठोकपणे सांगतो. तिने खाद्य ओतून दिलं, बाटलीतलं पाणी घातलं, हलवलं, ओतलं, पुन्हा घातलं. मग मायक्रोस्कोपला डोळे लावले. बराच वेळ लावूनच बसली.

“मॅडम, जरा इकडे बघता?”

मॅडमनी बघितलं. “मेल्यात की या सगळ्या! हिच्यात काय घातलंस?”

“काहीच नाही. नुसती धुतली.”

“कशानं?”

“पाण्यानं. वरून आणते मी, आमच्याकडचं सगळ्यात शुद्ध.”

मॅडम स्टुलावर बसल्या. चाक कुरकुरलं. “अगं पोरी, पेशीच्या आत मीठ असतं. नुसत्या पाण्यात टाकलीस तर पाणी आत घुसतं. मनुका भिजवल्यावर फुगते ना, तशी फुगते आणि फुटते. मिठाच्या पाण्यानं धुवायचं असतं.”

“मीठ सुकलं की फोटोत पांढरे ठिपके येतात. म्हणून मौनीनं पाणी बदललं होतं. मला म्हणाला, असं केल्यावर फोटो स्वच्छ येतो. मला लगेच पटलं. आमच्यात मीठ राहिलं की माल अशुद्ध धरतात.”

“आणि मी वर्षभर कधी विचारलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “म्हटलं, धुण्यात काय विचारायचं? तुझ्या सरांना वाटलं असेल, शुद्ध पाण्यात काय विचारायचं?”

तराजू हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि तिने कपाळ माझ्या दाराला टेकवलं. दार बंद होतं, म्हणून मी काही म्हटलं नाही. खरं तर उघडं असतं तरी म्हटलं नसतं.

“मॅडम,” थोड्या वेळाने ती म्हणाली, “म्हणजे मौनीच्या रेणूत विष नव्हतं.”

“असेलही, नसेलही. बघितल्याशिवाय कसं सांगायचं?”

त्याच्या रेणूची बाटली अजून फ्रीजमध्ये होती, मागच्या कप्प्यात. अडचण पेशींची होती. कमिटीच्या आधी जेमतेम एकदाच डिश भरून वाढणार होत्या, आणि त्याही मोजक्या. सगळ्या तिच्या रेणूसाठी वापरल्या असत्या तर काम भक्कम दिसलं असतं. सर पुन्हा खाली आले, या वेळी आवाज उतरलेला.

“नीट विचार कर,” ते म्हणाले. “त्याचा रेणू मुळातच चांगला निघाला, तर तू वर्षभर जो सुधारत बसलीस तो सुधारायची गरजच नव्हती. कमिटी म्हणेल, हिने केलं काय? तुझा तू दाखव. त्याचा नंतर बघू.”

“नंतर मी इथे असेन की नाही, कुणाला माहीत सर. आणि ‘हाताला गुण नाही’ म्हणत तो गेलाय.”

“कमिटीला असल्या गोष्टी कळत नाहीत.”

“मला कळतात ना.”

तिने डिश निम्म्या निम्म्या वाटल्या. निम्म्यांवर स्वतःचं नाव घातलं, निम्म्यांवर मौनी. सगळ्या माझ्यात ठेवल्या आणि दार लावलं. त्यानंतर जे घडलं ते मी माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं. तराजूने दार उघडलं नाही. यायची, समोर स्टूल ओढायची, हात मांडीखाली दाबून बसायची आणि उठून जायची. माझ्याकडून जे जे होण्यासारखं होतं ते मी केलं. ऊब तसूभरही हलू दिली नाही.

मग दोघांचे रेणू घातले, मिठाच्या पाण्याने डिश धुतल्या, आणि खोलीतला दिवा बंद झाला. तिच्या डिशमध्ये पेशी जिवंत होत्या, फिकट हिरव्या. मौनीच्या डिशमध्ये पेशी जिवंत होत्या आणि इतक्या हिरव्यागार की मॅडमनी मायक्रोस्कोपचा उजेड कमी केला.

तराजूने दोन्ही डिश आलटून पालटून पुन्हा पाहिल्या. तिला हायसं वाटलं होतं आणि आपलं वर्ष वाया गेल्याची धास्तीही. दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होतं.

कमिटी दुसऱ्या इमारतीत बसते, मी तिथे नव्हतो. परत आल्यावर मॅडमनी खोली झाडणाऱ्या मावशींना जे सांगितलं, ते मी ऐकलं. खवचट म्हातारे तिथे खरेच होते. त्यांनी विचारलं, “त्याचाच चांगला आहे, तर तुमचं वर्ष कशात गेलं?” ही म्हणाली, “चुकीच्या पाण्यात. पण तुम्ही ज्याला विष म्हणून लिहिलंत ते विष नाही, हे आज लेखी दुरुस्त करा. मग माझं काय करायचं ते ठरवा.” बराच वेळ त्यांनी दार लावून चर्चा केली. मग तिला पुढे शिकायची परवानगी दिली. मॅडम सांगताना दोनदा डोळे पुसत होत्या आणि मावशींना म्हणत होत्या, “धूळ फार झालीय इथे.”

फोन तिने इथूनच लावला. मौनीबाबा आता एका रंगाच्या कारखान्यात डबे तपासायला होता. तिने सगळं सांगितलं. पलीकडून नुसता यंत्रांचा आवाज.

“ऐकतोयस ना?”

“हो.”

“पाणी चुकलं होतं रे. तुझा रेणू माझ्याहून चांगला आहे.”

पुन्हा यंत्रं. मग तो म्हणाला, “त्या अजून जिवंत आहेत?”

“आहेत. तुझ्या नावाच्या तीन डिश राखून ठेवल्यात.”

“मी येऊ का बघायला?”

सुट्टीच्या दिवशी तो आला. त्याने डोळे मायक्रोस्कोपला लावले आणि ते काढेना. मॅडम मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “चूक माझ्या खोलीत झाली, आणि घरी तू गेलास. पुढच्या तुकडीचे अर्ज सुरू झालेत. मी शब्द टाकीन. पण पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, आधीचं वर्ष धरत नाहीत.” तो उठला, खोक्यातून हातमोजे काढले आणि चढवले. “यांचं आजचं खाद्य घालायचंय ना?” त्याने विचारलं. तराजू स्टुलासकट बाजूला सरकली.

आता मी म्हातारा झालोय. दाराचं रबर फाटलं आहे, ऊब टिकत नाही, नवा इन्क्युबेटर बाहेर खोक्यात येऊन पडला आहे. उद्या माझं बटण बंद होईल. तक्रार नाही. माझ्या जागी येणाऱ्याला त्रास कमी व्हावा म्हणून एवढंच मागतो: दार पटकन लावत जा. आणि एखादं पोर हरून निघालं, तर त्याला निरोप देण्याआधी म्हणा, “जरा माझ्यासमोर करून दाखव.”

आतल्या डिश नव्या घरात हलवायचं काम नव्या तुकडीतल्या एका जुन्या ओळखीच्या मुलाला दिलं आहे. मघाशी तो दार हळूच उघडून, डिश मोजून, हळूच लावून गेला. उद्या सकाळी सगळ्यात आधी येतो म्हणाला. तो येईपर्यंत मी थंड पडणार नाही.