डायरेक्ट की चावीवर

त्या पुढच्या गाडीची चावी तेवढी मागू नका. तुमची गाडी तिच्यामागे अडकलीय, कळतंय मला. काढू की. आधी तुमच्या कॅमेऱ्याची वायर दाराच्या रबराच्या आत दाबून खाली घेतो, फ्यूज बॉक्सला जोडतो, तोवर बसा. त्या स्टुलावर नको, ते माणूस बघून डुगडुगतं. इकडे बसा. तुम्ही मघाशी विचारलंत ना, हे डबडं दुकानाच्या दारात कशाला ठेवलंय म्हणून? सांगतो. हातांनी काम चालू राहील, तोंड रिकामंच आहे. आणि गोष्ट असल्याच कॅमेऱ्याची आहे, म्हणजे ऐकून तुमचा फायदाच.

ती गाडी मामांची. माझे मामा नाहीत, अख्ख्या गावाचे मामा. जन्मभर शाळेची व्हॅन चालवली. इतकी हळू, की सायकलवाले मागून घंटी वाजवायचे. पोरांनी नावच पाडलं होतं, हळूमामा. आणि बाजूच्या सीटवर मामी. पोरांना उतरवायचं, चढवायचं, कुणाची बाटली राहिली, कुणाचा बूट राहिला, सगळं मामींकडे. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, पण सकाळ-संध्याकाळ व्हॅनभर पोरं. मामा समोर बघायचे आणि मामी मागे. दोघांत मिळून एक ड्रायव्हर पुरा व्हायचा.

पुढे मामांच्या डोळ्यांनी दगा दिला. त्यांनी स्वतःहून व्हॅन विकली. म्हणाले, "दुसऱ्यांची पोरं आहेत, अंदाजाने चालवून कसं चालेल?" ही छोटी गाडी तेवढी घेतली आणि दारात लावून ठेवली. दारात गाडी नसली तर मामींना घर आपलं वाटायचं नाही, म्हणून.

तर एक दिवस मामा आले, हातात कॅमेऱ्याचं खोकं. दोन डोळ्यांचा कॅमेरा, एक रस्त्याकडे, एक आत सीटकडे. आवाजही धरणारा. मी म्हटलं, "मामा, गाडी तर जागची हलत नाही. कॅमेरा कशाला? चाकाखाली उगवलेलं गवत बघायला?"

"तू वायरमन आहेस ना? मग वायर जोड."

"जोडतो हो. चावीवर घेऊ की डायरेक्ट?"

हे तुम्हालाही ठरवायचंय, म्हणून नीट ऐका. फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज दोन जातींचे. काही चावीवरचे. चावी फिरवली की त्यांत करंट, चावी बंद की ते मेले. आणि काही डायरेक्ट. चावी असो-नसो, ते रात्रंदिवस जिवंत. त्यातल्या एका फ्यूजमधून जास्तीची वायर काढायची आणि कॅमेऱ्याला द्यायची. बहुतेक लोक चावीवर घेतात. डायरेक्ट घेतला तर उभ्या गाडीतसुद्धा कॅमेरा बघत बसतो, पण बॅटरी पिऊन टाकतो.

मामा म्हणाले, "डायरेक्ट."

"बॅटरी बसेल, मामा."

"बसू दे. मला उभं राहायचंय ना."

मी हसायला लागलो. ते हसले नाहीत. याच खुर्चीत बसले आणि सांगितलं.

मामींचं विसरणं सुरू झालं होतं. आधी दूध उतू जाणं, मग नळ चालू राहणं, मग शेजारणीचं नाव. आणि मग एक दिवस मामा पाण्याचा पेला घेऊन गेले, तर मामी अंग चोरून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कोण? आमचे हे गाडी घेऊन गेलेत, येतीलच इतक्यात. तुम्ही बाहेर थांबा."

"आयुष्यभर अहो म्हणून हाक मारली रे," मामा म्हणाले, "आणि म्हातारपणी भाऊ करून टाकलं मला."

घरात एक अनोळखी म्हातारा दिसतो म्हणून त्या घाबरायच्या. केस विंचरायच्या, पर्स काखेत मारायच्या आणि दारातल्या गाडीत आपल्या जागेवर जाऊन बसायच्या. नवऱ्याची वाट बघत. आणि मामा जर मागच्या दाराने, घराला वळसा घालून, स्टिअरिंगवर येऊन बसले, तर काय? तर ओळख! लगेच! "अहो, किती वेळ? पोरं सुटली असतील." घरात भाऊ, गाडीत अहो. मधे फक्त उंबरठा. पण मामा वेळेवर पोचले नाहीत तर मामी उतरून चालत सुटायच्या, नवऱ्याला शोधत. एकदा पार शाळेच्या फाटकापाशी सापडल्या. पाय सोललेले. दाराला कडी घातली तर आतून किंचाळायच्या, मला कोंडलंय म्हणून. मामांना आता ऐकायलाही कमी येत होतं. मामी कधी उठल्या, दार कधी उघडलं, पत्ता लागायचा नाही.

कॅमेऱ्याचं चित्र मोबाईलवर दिसतं. मोबाईल स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा करायचा. मामी सीटवर दिसल्या की गॅस बंद, मागचं दार, आणि धाव. एवढ्यासाठी कॅमेरा.

मी डायरेक्ट जोडून दिला.

मग सुरू झाली बॅटरीची वरात. गाडी चालत नाही, म्हणजे बॅटरी भरणार कुठून? पिणारा एकच, भरणारा कुणी नाही. दर थोड्या दिवसांनी मामा बॅटरी पिशवीत घालून, सायकलच्या दांडीला अडकवून, सायकल ढकलत इथे हजर. "पेशंट आणलाय. सलाईन लाव." मी ओरडायचो, "अहो, कंबर जाईल! मला फोन करा, मी येतो!" तर म्हणायचे, "तू आलास की ती विचारते, हे दुसरे भाऊ कोण?" शेवटी मी दोन बॅटऱ्या फिरत्या ठेवल्या. एक गाडीत, एक इथे चार्जिंगला.

एकदा मीच बॅटरी बदलायला गेलो. बॉनेट उघडून आत डोकं घातलेलं. बॅटरी बसवली, कॅमेऱ्याचा दिवा लागला, आणि मागून दार वाजलं. मामी येऊन बसल्या. मागोमाग मामा, धापा टाकत. मी तसाच वाकून राहिलो. बॉनेटमुळे त्यांना मी दिसत नव्हतो, काचा खाली होत्या.

"अहो, गाडी का थांबलीय?"

"सिग्नल लागलाय."

"बरं." थोड्या वेळाने, "सुटला का?"

"नाही अजून."

"मोठा आहे हो हा सिग्नल."

"मोठाच आहे. तू बस निवांत."

"मी निवांतच आहे. तुम्हीच घाई करता." आता हळूमामांना घाई करता म्हणणारी बाई जगात ती एकटीच. मग म्हणाल्या, "घरी एक भाऊ येऊन राहिलेत. चांगले आहेत बिचारे, मला जेवायला वाढतात. त्यांना काही बोलू नका हं."

"नाही बोलणार."

"सुटला का?"

"नाही अजून."

मी तिथे किती वेळ वाकून होतो कुणास ठाऊक. हातात पाना, काम संपलेलं, आणि बॉनेट बंद करायची हिंमत नाही. बंद केलं असतं तर समोर सिग्नल नाही हे दिसलं असतं ना.

असं बरंच चाललं. मग मामींना ताप भरला, छातीत पाणी झालं, दवाखान्यात ठेवलं. आणि तिथे गाडी कुठून आणायची? पलंगाशेजारी मामा बसले की त्या सिस्टरला सांगायच्या, "या भाऊंना बाहेर काढा. आमचे हे यायचेत." सिस्टर बिचारी काय करणार? मामा बाहेर बाकड्यावर बसायचे. स्वतःच्या बायकोला आजारात भेटायला गेलेला माणूस, भिंतीच्या अलीकडे.

एका दुपारी ते इथे आले. गाडीची चावी माझ्यापुढे धरली. मी दुकानाचं शटर ओढलं. ताजी बॅटरी टाकली. गाडी मी चालवली, मामा शेजारी. दवाखान्याच्या पोर्चमध्ये मी उतरलो आणि मामा सरकून स्टिअरिंगवर बसले. सिस्टरला त्यांनी आधीच हातापाया पडून तयार केलं होतं. तिने चाकाच्या खुर्चीवरून मामींना खाली आणलं. अंगात काही राहिलं नव्हतं हो. चादरीत गुंडाळलेलं पाखरू.

मामींनी गाडी बघितली. आत बघितलं. आणि तोंड असं उजळलं, की सिस्टरने मान फिरवली.

"अहो! किती हा उशीर!"

"सिग्नल लागला होता," मामा म्हणाले.

आम्ही दोघांनी उचलून त्यांना त्यांच्या जागेवर ठेवलं. दार लावलं. वारा लागू नये म्हणून मामांनी काचा वर केल्या. मी खांबाशी जाऊन उभा राहिलो. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मामी बोलत होत्या, एवढं दिसलं. मामा समोर बघत मान हलवत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जशी गाडी चालूच आहे. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत होता.

त्यानंतर मामी पलंगावरून उठल्या नाहीत.

सगळं आटोपल्यावर मामा आले. दाढी वाढलेली. म्हणाले, "वायरमन, कॅमेऱ्यात ती असेल ना? सगळी?"

आता काय सांगू? कार्ड केवढंसं असतं. भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनं पुसतो आणि त्या जागी नवं लिहितो. डायरेक्ट होता, म्हणजे रात्रंदिवस लिहितच होता. रिकामी सीट, झाडाची सावली, गाडीवर बसलेली मांजर. त्या मांजरीपायी मामी पुसल्या जात होत्या. मी धावत त्यांच्या दारी गेलो आणि आधी बॅटरीची वायर काढली. बघायला कॅमेरा चालू करायचा, तर तो आधी लिहायलाच घेतो. म्हणून कार्ड काढून माझ्या मोबाईलमध्ये घातलं. आवाज बंद ठेवला, नुसत्या तारखा बघितल्या. सगळं जुनं गेलेलं. ते सिग्नलचं बोलणं गेलेलं. राहिली होती ती फक्त दवाखान्याची दुपार आणि पुढची रिकामी सीट.

मामा म्हणाले, "म्हणजे हा उलटा. याला नवं राहतं, जुनं पुसतं. तिला जुनं राहिलं आणि नवं पुसलं." मला वाटलं आता रडतील. नाही रडले. "तुला खरं सांगू? त्या दुपारी ती काय बोलली ते मला नीट ऐकूच आलं नाही. कान गेलेत माझे. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा. मी आपली मान हलवत राहिलो."

"मग ऐका ना आता! मोबाईलवर घेतो, आवाज मोठा करतो. घरी बसून सावकाश ऐका."

"घरी नको," म्हणाले. "घरात ती मला भाऊ म्हणते."

म्हणते, असं म्हणाले. म्हणायची, असं नाही.

मी कार्ड होतं तिथे परत घातलं. विचारलं, "मग वायर काढून टाकू? म्हणजे पुसायची भीती नको."

"तोडू नकोस. चावीवर घे."

चावीवर घेऊन दिली. बॅटरी मात्र मी इथे आणून ठेवली, चुकून कुणी चावी फिरवली तरी कॅमेरा जागा व्हायला नको. पुढे गल्लीतल्या लोकांनी कटकट केली, भंगार हलवा म्हणून. मग मी गाडी इथे आणली. मामा रोज येतात, स्टिअरिंगवर बसतात, घटकाभर समोर बघतात, जातात. ऐकलेलं नाही अजून. मी एकदाच विचारलं. म्हणाले, "ऐकलं की संपलं. काहीतरी बोलायचं बाकी राहू दे आमच्यात."

झालं तुमचं काम. चावीवर घेतलाय कॅमेरा, बघा फिरवून. लागला ना दिवा? ठीक.

आता तुमची गाडी काढायची तर ती पुढची थोडी सरकवावी लागेल, आणि ते बघा, आलेच मामा. बरं झालं, स्टिअरिंग धरायला माणूस झाला. त्यांना बसू द्या. बाजूचं दार उघडू नका, तिकडे कुणी बसत नाही. आपण दोघं मागून ढकलू. एक सांगतो. ढकलायच्या आधी ते डोकं बाहेर काढून विचारतील, "सिग्नल सुटला का?" रोजचं आहे त्यांचं. एरवी मी बोलतो, पण आज तुम्ही त्यांच्या बाजूला आहात, तुम्हालाच विचारतील. सुटला म्हणू नका. "नाही अजून" म्हणा, जरा मोठ्याने, त्यांना कमी ऐकू येतं. आणि मग लावा हात. हळू.