गोधडीतली बाटली

बब्रुवाननं बुचात स्क्रू पिळून बसवला, बाटली गुडघ्यांत आवळली आणि पकडीनं ओढायला सुरुवात केली.

“दमानं, भावजी,” दीपमाला धाकट्या दिराला म्हणाली. “झोपेतनं उठायलीय ती.”

रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीपुढं येळवशीचं, म्हणजे वेळ अमावास्येचं, जेवण मांडलं होतं. भज्जी, उंडे, मडक्यात आंबील, आणि मधोमध फ्रान्सची लाल वाइन. द्राक्ष बागायतदारांच्या सहलीतून योगीराजनं ती बोर्दोहून आणली, तेव्हा बायकोला एवढंच सांगितलं होतं: अंधारात आडवी ठेव, दहा वर्षं झोपू दे, मग येळवशीला रानात फोडू. दीपमालानं ती ज्वारीच्या कणगीमागं निजवली आणि वर त्याच्या जुन्या सदऱ्यांची गोधडी घातली. तेव्हापासून त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. योगीराज गेला त्या दिवशीही रडणाऱ्या बायकांना तिनं बाहेर ओसरीवर बसवलं.

आज दहा वर्षं भरली होती, आणि तिला धास्ती एकच होती. नासली असली तर त्याचं एवढं एक सांगणंही आपल्या हातून वाया गेलं.

बूच निघालं. बब्रुवाननं रिवाजाप्रमाणं पहिला घोट पाच पांडवांच्या दगडांपुढं ओतला, दुसरा स्वतः घेतला, आणि त्याचं तोंड कच्चं जांभूळ चावल्यासारखं झालं.

“वैनी, ही गोड न्हाय. जीभच आवळून धरायलीय.”

“नासली म्हणा की.”

“थांब, आई,” लेक अक्षदा मोबाईलमध्ये बघत म्हणाली. “अशीच असते म्हणं. तुरट, दमदार. मागनं चामडं, तंबाखू, ओली माती.”

बब्रुवाननं पुन्हा चाखली, विचार केला.

“पायताण, तंबाखू, चिखल. दादाच रानातनं घरी आल्यागत वाटायलंय.”

दीपमालानं पेला नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग एवढासा घोट घेतला. तुरटपणा हिरड्यांना धरून बसला, सोडेचना.

“चांगली हाय,” ती म्हणाली. “पर अजून कच्ची हाय.”

तिनं बूच दाबून बसवलं आणि गोधडी उलगडली.

“आई, हितं लिहिलंय, एकदा उघडली की दोन दिवसांत...” अक्षदानं आईकडं पाहिलं आणि मोबाईल उपडा ठेवला.

दीपमालानं बाटली आडवी निजवली, गोधडीचं टोक बुचापर्यंत ओढलं.

“वैनी,” बब्रुवान कुजबुजला, “भज्जी वाढता का?”