डबीतला खोटा बेडका

लातूर जिल्हा नवा झाला, पण आभाळाचा हट्ट जुनाच राहिला. त्या दुष्काळात मुरुडचा ज्ञानोबा कोरड्या तळ्याचा गाळ उपसायला जात होता. धूळ साऱ्यांनीच खाल्ली, पण ज्ञानोबा आधीच दम्याचा माणूस! खोकला, ताप, मग बेडक्यात रक्त. कीर्तनात पखवाज वाजवताना त्याला श्वास पुरेना.

असं दुखणं आपल्या घरी आलं तर आपण काय करतो? आधी दार लोटून घेतो. त्याची बायको कावेरीबाई हिनंही तेच केलं. लेकीची सोयरीक मुदखेडला जमत आली होती. गावच्या दवाखान्यानं डबीतला बेडका तपासला, त्यात काहीच निघालं नाही. खोकल्याचं औषध तेवढं मिळालं.

ज्ञानोबा वाळत गेला. डाव्या हाताची बोटं वळेनात. तेव्हा कीर्तनकार शेषेरावबुवांनी नवराबायकोला एसटीत बसवून लातूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी बेडक्यासाठी पुन्हा डबी दिली. कावेरीबाई ती घेऊन लिंबामागं गेली. बुवा पाणी आणायला तिकडूनच निघाले होते. बघतात तर बाई स्वतःच खाकरून डबीत थुंकत होती!

"कावेरीबाई! हे काय करून राहिलीस?"

"पाया पडते बुवा, वरडू नका. टीबी निघाला तर पाव्हणे उंबरा चढायचे न्हाईत."

"म्हंजे मागच्या खेपेलाबी?"

"हाव," ती खाली बघत म्हणाली.

"अगं, तुझ्या बेडक्यावर त्याला औषध द्यायचं का? देवापुढं खोटं चालत न्हाई म्हणून मी उभा जन्म सांगून राहिलो. वैद्यापुढं चालंल व्हय? टीबी म्हंजे काय पाप हाय? औषधानं बरा होतो तो!"

"पर लोक काय म्हनतील?"

"लोक तिरडीला खांदा द्यायला येतील. लई गोड बोलतील तवा. चालंल?"

कावेरीबाईच्या हातून डबी गळून पडली! ती तशीच आत गेली आणि म्हणाली, "बाई, नवी डबी द्या. गावाकडच्या डबीत माझाच बेडका हुता."

ज्ञानोबाचा खरा बेडका भिंगाखाली गेला. टीबी नव्हताच! फांद्या फुटलेल्या धाग्यासारखा, मातीत राहणारा जंतू होता. माणसाच्या फुप्फुसात तो क्वचितच शिरतो.

"हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सल्फाच्या गोळ्यांनी हटतो, पण वर्षभर नेमानं घ्याव्या लागतील. हाताकडं बघता तो मेंदूपर्यंत गेलाय. मागची डबी खरी असती तर छातीतच अडवला असता."

कावेरीबाईनं कपाळ बडवून घेतलं.

गोळ्यांनी ज्ञानोबा वाचला, पण डावा हात लुळाच राहिला. मुदखेडच्या पाव्हण्यांनी कुणकुण लागताच पाठ फिरवली. आता कीर्तनात पखवाज दुसरा वाजवतो. ज्ञानोबा शेजारी बसून उजव्या हातानं मांडीवर ठेका धरतो, आणि कावेरीबाई तिकडं बघायचं टाळते. मात्र गल्लीत कुणी खोकलं, की ती त्या दारात उभी राहते.

"ज्याचा खोकला, त्याचाच बेडका द्या गं बायांनो. माझा हात धडधाकट हाय, त्यांचा गेला."

बंधुभगिनींनो, रोग लपवून घराची अब्रू राहत नाही, घरातलं माणूस मात्र झिजत जातं. दुखण्याची लाज धरू नका. लाज धरायचीच तर ती लपवण्याची धरा!