मागची विहीर

"अहो, मान जरा वर करा," म्हणत तिने नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि त्याला दुसऱ्या रांगेत बसवलं. पहिली रांग साहेबलोकांची. कवायतीच्या मैदानावर मांडव घातला होता. उद्यापासून बराकीला कुलूप लागणार होतं, आणि आज मोठे साहेब बराकीचा इतिहास वाचून दाखवणार होते.

दोघांनी उभा जन्म या बराकीचे कपडे धुतले. मागच्या अंगाला त्यांची खोली, खोलीपुढे धुण्याचा दगड, दगडापलीकडे विहीर. इतिहासाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती आली होती पोरासाठी.

गेल्या महिन्यात इतिहास लिहिणारा तरुण अधिकारी घरी येऊन बसला, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. पोर सात वर्षांचं. कवायत सुरू झाली की रांगेच्या टोकाला पाय आपटत चालायचं, म्हणून शिपाई त्याला 'शेपूट' म्हणायचे. विहिरीचा कठडा ढासळला होता. ती सांगायची, साहेब बांधू म्हणायचे. बांधू बांधू म्हणता वर्ष गेलं, आणि एका सकाळी पोरही त्याच विहिरीत गेलं.

"मावशी, हे यायलाच हवं," अधिकारी म्हणाला होता. "मी लिहितो."

तेव्हापासून तिच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं होतं. लेकराच्या मरणाचा कुणी असा आनंद करतं का, असं शेजारीण बोलूनही गेली. मरणाचा नव्हताच तो. इतक्या वर्षांनी पोराबद्दल बोलणारी तोंडं दोनच उरली होती, आणि त्यातलं एक हल्ली गप्पच असायचं.

साहेब वाचू लागले. पाया खणला गेला, घोडदळ आलं नि गेलं, कोठाराला आग लागली. पहारेकऱ्याला सापापासून वाचवणाऱ्या कुत्र्याचा किस्सा तर चांगला पानभर होता. लोक हसले. तीही हसली. कुत्र्याला पानभर, तर आपल्याला दोन ओळी तरी मिळतीलच, असं तिच्या मनात आलं.

"आलं का?" नवऱ्याने विचारलं. त्याचे कान कधीच गेले होते. लाउडस्पीकर म्हणजे त्याला नुसती घरघर; कानाशी तोंड नेलं तरच शब्द कळायचे.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

मग साहेबांनी पोर गेलं ते साल उच्चारलं. तिने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"याच वर्षी मागची विहीर बुजवण्यात आली आणि बराकीला नळाचं पाणी मिळालं."

टाळ्या पडल्या. त्याच नळाचं पाणी पुढे गावालाही मिळालं होतं, त्यामुळे लोकांनी मनापासून वाजवल्या. साहेबांनी पान उलटलं. ते पुढच्या सालाचं होतं. त्यांच्या मागे उभा असलेला तरुण अधिकारी स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. एवढंच? तिला उठून विचारायचं होतं, पण नवऱ्याचं मनगट अजून तिच्या हातात होतं.

नवऱ्याने आजूबाजूला वाजणारे हात पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं.

"आला का आपला?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"काय म्हणाले?"

ती त्याच्या कानाशी वाकली.

"शेपूट म्हणाले. सगळ्या बराकीचा लाडका होता म्हणाले."

"आणि ह्या टाळ्या?"

"त्याच्याच."

एव्हाना मांडव शांत झाला होता. साहेब नव्या भोजनगृहाबद्दल वाचत होते. म्हाताऱ्याने मनगट सोडवून घेतलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. जन्मभर साबण-सोड्यात राहिलेले हात, आवाज असा फारसा होईना, म्हणून तो आणखी जोर लावू लागला. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. साहेब वाचता वाचता थांबले.

"अगं, तू का गप्प?" तो म्हणाला. "वाजव की."

तिने वाजवल्या.