बाबांचं शिशाचं सैन्य

बाबा गेल्यावर त्यांनी रंगवलेलं शिशाचं सैन्य कुणाचं, यावरून आम्हा भावांचं फाटलं. शेवटी ठरलं, टेबलावर लढायचं. जिंकेल त्याने सगळं न्यावं.

दादाने निळं घोडदळ माझ्या लाल पायदळावर सोडलं.

"कर चौकोन, भित्र्या!"

चौकोन करून चारी बाजूंना संगिनी रोखल्या की घोडे बिचकतात. पण तोफ दाटीच्या चौकोनाची चटणी करते, आणि दादाच्या तोफा मागे टपल्याच होत्या. दरवेळी मी असाच मेलो होतो. या वेळी चौकोन केलाच नाही, सरळ रांग मोडली नाही. फासे टाकले. बंदुकांच्या एका बारात त्याचं घोडदळ आडवं झालं, आणि त्याच्याबरोबर डावही.

"हलकटा, फासे फिरवलेस!"

त्याने माझं तोंड टेबलावर आपटलं. एका शिपायाची संगीन गालात घुसली. मी कोपराने त्याचं नाक फोडलं.

"अहो, सोडा भावजींना, मरतील!" वहिनी किंचाळली.

मी रक्त थुंकलो. "आपले मेलेले आपल्या हातांनी उचलायचे. बाबांचा नियम आहे, दादा. उचल."

त्याने नाकाचं रक्त बाहीला पुसलं. मग एकेक घोडा उचलला, आणि उरलेलं निळं सैन्य माझ्याकडे ढकललं.